तिथे बघण्यासारखं काही नाही

"खिंड ठरली," इस्त्रीवाली म्हणाली आणि चादरीची आपल्याकडची दोन टोकं घेऊन पुढे आली. "या वर्षी सहल खिंडीत. धरणाची बाग पुरे झाली आता. तिथली बदकंसुद्धा आपल्याला नावानिशी ओळखायला लागलीत."

"खिंडीत काय आहे?" टाकेबाईंनी तिच्या हातातली टोकं घेतली.

"डोंगर आहेत. बर्फ आहे. जगभरातून माणसं येतात म्हणे बघायला."

"येतात आणि जातात. तिथे बघण्यासारखं काही नाही. आमचे हे आयुष्यभर त्या रस्त्याने गाडी नेत होते, त्यांना विचार. नुसतं धुकं. समोरचा माणूस दिसत नाही."

"दर वर्षी तुम्ही हेच सांगता," इस्त्रीवाली मागे जात म्हणाली, "आणि दर वर्षी आम्ही बदकं बघतो."

हॉस्पिटलच्या कपडेखोलीत चादरींच्या घड्या घालायची रीत अशी होती, की दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, चादर ताणून एकदा झटकायची, मग चालत एकमेकींजवळ येऊन टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभर बायका अशा जवळ येत आणि लांब जात. गप्पा जवळ आल्यावर मारायच्या, त्यामुळे इथल्या बायकांना तुकड्यातुकड्यांनी बोलायची सवय होती. एखादं भांडण असंच चार चादरींवर चालायचं आणि पाचव्या चादरीवर मिटायचं.

टाकेबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. फाटक्या चादरी, उसवलेले गाऊन, तुटलेले बंद असं सगळं त्यांच्या शिलाई मशीनवर यायचं. एकदा सर्जन साहेब कशाला तरी खोलीत डोकावले आणि म्हणाले, "या इमारतीत टाके घालणारे आम्ही दोघंच. फरक इतकाच, की यांच्या टाक्यांबद्दल अजून कुणाची तक्रार आलेली नाही." तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. कपडेखोलीत त्यांचा शब्द चालायचा. कुठलं कापड टिकेल, कुणाच्या मुलीचं लग्न कुठे जमेल, सहल कुठे न्यायची, सगळ्यात त्या म्हणतील ते. सहलीच्या बाबतीत तर बोलायलाच नको, कारण त्यांचा नवरा प्रवासी कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. ज्याने सगळं बघितलंय त्याच्या बायकोला कोण काय सांगणार?

त्यांनी स्वतः काहीच बघितलेलं नव्हतं. नवरा मात्र महिन्यातून तीनदा तरी फेरीवर असायचा. कधी बर्फाच्या डोंगरातली खिंड, कधी मोठा धबधबा, कधी ते दूरवर पसरलेलं मिठाचं पांढरं मैदान, कधी समुद्रात सरळ उतरणारे कडे. घरी आला की टाकेबाई पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायच्या, "कसं होतं?" आणि तो बूट काढता काढता सांगायचा. धबधबा म्हणजे वरून पाणी पडतं, आपल्या नळाचं पडतं तसंच, जरा जास्त. मिठाच्या मैदानात डोळे दुखतात. कड्यांवर वारा, कानठळ्या बसवणारा. आणि खिंडीत धुकं. टीव्हीवर एकदा जगातल्या बघण्याजोग्या जागांचा कार्यक्रम लागला होता. त्यात ही खिंड आली तेव्हा टाकेबाईंनी त्याला मोठ्याने हाक मारली. तो दारातूनच बघून म्हणाला, "कॅमेऱ्याची करामत असते सगळी," आणि बाहेर जाऊन उगाच नळ घट्ट करत बसला.

त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? बाईमाणसाच्या मनात नवऱ्याविषयी शंभर संशय येतील, पण तो डोंगराबद्दल खोटं बोलत असेल असा संशय कुणाला येईल? उलट त्यांचा जीव तुटायचा. बिचारे, लोक मजा करायला जातात आणि यांच्या वाट्याला नुसतं धुकं आणि वळणं. म्हणून त्या पहाटे उठून डबा भरायच्या, जाड लोकरीचा गळपट्टा विणायच्या, तो झिजला की दुसरा विणायच्या. नवरा गेल्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. सुटला एकदाचा, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

संध्याकाळी त्यांनी घरी सहलीची बातमी सांगितली. ड्रायव्हर खिडकीच्या बिजागरीला तेल घालत होता. निवृत्त झाल्यापासून घरातली एकही बिजागरी त्याच्या तावडीतून सुटली नव्हती.

"खिंडीत?" त्याने मागे न बघता विचारलं. "कशाला?"

"सगळ्या म्हणतायत. मी नको म्हटलं, पण या वेळी कुणी ऐकेना."

"थंडी असते तिथे. तुला सोसायची नाही. चढ पण आहे."

"गाडी वरपर्यंत जाते ना? तुम्हीच न्यायचात."

"जाते." त्याने बिजागरीवर आणखी एक थेंब सोडला. "पण दिसायचं काही नाही. दिवस फुकट जाईल तुझा."

"जाऊ दे. तुमचा सगळा जन्म त्या रस्त्यावर गेला. एकदा बघून तरी येते, कुठे कष्ट काढलेत ते."

तेल संपलं होतं तरी तो बाटली उपडी धरून उभा होता. टाकेबाईंना वाटलं, आपलं बोलणं त्याच्या मनाला भिडलं. त्यांना जरा लाजल्यासारखंच झालं, या वयात.

सहलीच्या दिवशी तो त्यांच्याआधी उठला. दोन-तीनदा अंगणात जाऊन आभाळ बघून आला. त्याने गरम पाण्याची बाटली भरून दिली, स्वतःचा गळपट्टा दिला आणि म्हणाला, "नाही गेलीस तरी चालेल हं." त्याला आपली काळजी वाटते हे बघून टाकेबाई मनात सुखावल्या. पुढे कित्येक दिवस त्यांना स्वतःच्या त्या सुखावण्याचाच सगळ्यात जास्त राग येणार होता.

गाडीत बायकांनी नेहमीचा गोंधळ घातला. चढ लागल्यावर दोघींना मळमळलं, एकीने खिडकी अडवली म्हणून दुसरी रुसली, इस्त्रीवालीने सगळ्यांच्या डब्यांची झडती घेतली. वळणांमागून वळणं येत होती. प्रत्येक वळणाला टाकेबाईंच्या मनात यायचं, इथे यांनी किती वेळा स्टिअरिंग फिरवलं असेल, किती खांदे दुखले असतील. एक लांब बोगदा आला. आत सगळ्या गप्प झाल्या. बोगदा संपला, गाडी उजवीकडे वळली आणि थांबली.

टाकेबाई खाली उतरल्या आणि कठड्यापाशी गेल्या. मग त्यांना पुढे काही सुचलं नाही.

समोर दरी होती आणि दरीपलीकडे डोंगर. डोंगर म्हणजे आभाळाला लागलेली एक रांगच्या रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र, आणि त्यावर ऊन. पांढरा रंग म्हणजे काय हे आपल्याला चांगलं कळतं असं त्यांना आजवर वाटत होतं. सगळं आयुष्य पांढऱ्या चादरींत गेलं होतं. पण तो पांढरा हा नव्हता. या पांढऱ्यात खाली निळसर सावल्या होत्या, वर गुलाबी कड होती, आणि एका शिखरावरून वाऱ्याने बर्फाचा धूर उडत होता. खाली गर्द झाडी, त्याच्याही खाली एक तळं. ढगाची सावली तळ्यावरून सरकत गेली तशी पाण्याचा रंग हिरव्याचा निळा झाला आणि पुन्हा हिरवा. नदीचा आवाज इतक्या खोलातून येत होता, की तो ऐकू येतोय की नुसता भास होतोय हे कळत नव्हतं. टाकेबाईंनी छातीवर हात ठेवला. डोळे आपोआप भरून आले. इतकं सुंदर काही असू शकतं आणि ते आपल्याला बघायला मिळावं, याचा त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या बाईचा हात त्यांनी घट्ट धरला. ती हिशेब खात्यातली बाई होती आणि त्यांची तिच्याशी धड ओळखही नव्हती.

आणि त्यांना वाईट वाटलं ते नवऱ्याचं. इतक्या फेऱ्या केल्या आणि बिचाऱ्याला हे एकदाही दिसलं नाही. आज हे बरोबर असते तर!

कठड्याच्या कडेला चहाची टपरी होती. चहावाला पन्नाशीचा, कानटोपी घातलेला. ग्लास घेताना टाकेबाई म्हणाल्या, "आज आमचं नशीब जोरावर म्हणायचं. एरवी धुकं असतं ना इथे?"

"धुकं?" चहावाला म्हणाला. "पावसात असतं थोडं, सकाळच्याला. एरवी असंच असतं ताई, लख्ख. धुकं असतं तर माझा चहा कोण प्यायलं असतं?"

"नाही, आमचे हे सांगायचे. ते याच रस्त्याने गाडी आणायचे. पिवळ्या गाड्या असतात ना, त्या कंपनीत होते."

"पिवळ्या गाडीवर? कोण? उंचेले, कपाळावर जखमेची खूण?"

"तेच."

चहावाल्याने किटली खाली ठेवली. त्याचा सगळा चेहरा हसला. "म्हणजे तुम्ही मास्तरांच्या घरच्या. आधी सांगायचं ना. पैसे राहू द्या. कसे आहेत मास्तर?"

"मास्तर कोण?"

"आम्ही सगळे मास्तरच म्हणायचो त्यांना. बाकीचे ड्रायव्हर गाडी लावली की माझ्याकडे पत्ते कुटत बसायचे. मास्तर पॅसेंजरना गोळा करून कठड्यापाशी न्यायचे. कुठल्या शिखराचं नाव काय, नदी कुठून येते, तळं मधेच हिरवं का दिसतं, सगळं सांगायचे. गाईड बाजूला उभा राहायचा. म्हाताऱ्या बायांना हात धरून त्या वरच्या खडकापर्यंत न्यायचे, म्हणायचे आजी, इथवर आलात, आता हे बघितल्याशिवाय जायचं नाही. एक परदेशी बाई होती, तिला भाषा कळत नव्हती, तरी ऐकता ऐकता रडायला लागली. आणि सगळे गाडीत बसले की मग एकटेच त्या खडकावर. क्लीनर हॉर्न मारून मारून दमायचा."

टाकेबाईंच्या हातातला ग्लास भाजत होता. त्या तो ठेवायला विसरल्या होत्या.

"तुम्हाला बघून बरं वाटलं," चहावाला सांगतच होता. "बाकीच्यांच्या बायका-पोरं यायची दर वर्षी. कंपनी एक फेरी फुकट नेते ना घरच्यांना, ड्रायव्हरच्या मागची सीट देते. मी कितीदा म्हटलं, मास्तर, वहिनींना आणा एकदा. तर ते म्हणायचे..." तो अडखळला.

"काय म्हणायचे?"

"काही नाही हो. माणूस म्हणतो आपलं."

"सांगा की."

"म्हणायचे, आमच्या घरात कुणाला हौस नाही. तिला डोंगरांचं काही वाटत नाही." त्याने घाईघाईने फळी पुसली. "पण आलात ना तुम्ही. हौस नाही असं कसं म्हणायचं?"

टाकेबाई ग्लास ठेवून बाजूला झाल्या. तो खडक समोरच होता. बसून बसून गुळगुळीत झालेला, पाठ टेकायला मागे आणखी एक दगड. त्यांना आधी वाटलं की चहावाल्याची काहीतरी गफलत होतेय. मग कपाळावरची खूण आठवली. ती जखम त्यांनीच हळद दाबून बरी केली होती. दुसरी बाई असती तर गोष्ट सोपी होती. तिच्या नावाने बोटं मोडता आली असती, तिच्यात काय आहे जे माझ्यात नाही असं विचारता आलं असतं, चार माणसांत रडता आलं असतं. डोंगराच्या नावाने बोटं कशी मोडायची? आणि बोटं मोडावीत असे ते नव्हतेच. ते तिथे आपले उन्हात उभे होते, आणि अजून सुंदर होते.

"काय हो टाकेबाई," मागून इस्त्रीवाली आली. तिच्यामागे बाकीच्या बायका. ऊन लागून सगळ्यांची तोंडं लाल झाली होती आणि कधी नव्हे त्या सगळ्या तरुण दिसत होत्या. "तुमचे हे कुठल्या खिंडीत जायचे? इथे तर नाही काही. नुसतं धुकं म्हणे."

सगळ्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण टाकेबाईंना एकदम थोरल्या बाई आठवल्या.

थोरल्या बाई त्यांच्या आधी मशीनवर होत्या. शिवण टाकेबाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी एकच मागणं केलं होतं, मला एकदा तो मोठा धबधबा दाखवा. सगळ्या तयार झाल्या होत्या. तेव्हा टाकेबाईच म्हणाल्या होत्या, की अहो, पाणी पडतं वरून, त्यात काय बघायचं, आमचे हे सांगतात ना. थोरल्या बाई ओशाळून गप्प बसल्या होत्या आणि सगळ्या मिळून बदकं बघून आल्या होत्या. आता थोरल्या बाईंचे गुडघे गेलेत. घरातल्या घरात काठी घेऊन चालतात.

"माझंच ऐकण्यात चुकलं असेल," टाकेबाई म्हणाल्या. "ते पावसाळ्यातलं सांगत असतील."

नवऱ्याची बाजू तोंडून आपसूक निघाली. इतक्या वर्षांची सवय. निघाल्यावर मात्र त्यांना स्वतःच्या जिभेची चीड आली. गाडीत परतताना त्या मधल्या जागेवर बसल्या आणि सगळा उतार डोळे मिटून होत्या. मळमळतंय, असं त्यांनी सांगितलं आणि कुणीतरी त्यांच्या हातात लिंबू दिलं.

घरी पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. ड्रायव्हरने जेवण गरम करून, ताटं मांडून ठेवली होती. तो दारातच उभा होता.

"दिसलं का काही?" त्याने विचारलं.

"चहावाल्याने विचारलंय तुम्हाला," टाकेबाई चपला काढत म्हणाल्या. "मास्तर कसे आहेत म्हणून."

ड्रायव्हर खाली बसला. एवढा उंच माणूस, पण ताटासमोर एकदम लहान दिसायला लागला. मग टाकेबाई म्हणाल्या, "का?"

"आई अंथरुणावर होती तेव्हा," तो म्हणाला. "लेक दीड वर्षाची. मी पहिल्यांदा खिंडीत जाऊन आलो. कधी एकदा घरी येतो आणि तुला सांगतो असं झालं होतं मला. आलो तर तू आईचं अंथरूण बदलत होतीस, पोर कडेवर रडत होती. तू विचारलंस कसं होतं. मला तोंड उघडवेना. हिला जायला तर मिळणार नाही, मग जीव कशाला जाळायचा हिचा, असं वाटलं. म्हटलं, धुकं होतं."

टाकेबाईंना ती संध्याकाळ आठवत नव्हती. तशा संध्याकाळी खूप होत्या. पण तो खरं बोलतोय हे त्यांना कळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तेवढं मी मान्य करते. चांगल्या मनाने केलंत. मग सासूबाई गेल्या. लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं. पुढचं सांगा."

"पुढे... तोंडात बसलं ते. एकदा खोटं सांगितलं की कसं सांगणार, परवापर्यंत धुकं होतं आणि आज नाही?"

"सीट होती तुमच्या मागे. बाकीच्यांच्या बायका यायच्या. कोण बसायचं तिच्यावर?"

"कुणी नाही. मी बॅग ठेवायचो."

"बॅग ठेवायचात."

ड्रायव्हरने ताटातली वाटी उगाच फिरवली. "खरं सांगू?"

"आता तरी सांगा."

"तिथे गेलं ना, की मी कुणाचा कोण नसायचो. घर नाही, औषधं नाहीत, हप्ते नाहीत. लोक माझं ऐकायचे. मला मास्तर म्हणायचे. तुला नेलं असतं, तर सगळं घर वर आलं असतं गाडीत बसून. तू म्हणाली असतीस, अहो, मफलर नीट घ्या."

टाकेबाईंना ओरडावंसं वाटलं आणि ओरडण्याइतकं बळ नाही असंही वाटलं. "म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "थंडी असते असं तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून विणायचे. मला इथे बसून तुमची कीव यायची हो. बिचारे, बिचारे म्हणून मी लोकांना सांगत फिरायचे. तुम्ही तिथे राजासारखे बसायचात, आणि लोकांना सांगायचात की हिला हौस नाही. मला हौस होती की नव्हती, हे मलाच कळू दिलं नाहीत."

"चूक झाली."

"आणि थोरल्या बाई? त्यांना मी सांगितलं पाणी पडतं वरून. माझ्या तोंडाने सांगितलं. तुम्ही मला फसवलंत ते आपल्या घरातलं झालं. पण मला पुढे करून त्या बाईला कशाला फसवलंत? तिचे पाय गेले आता."

तो म्हणाला, "उद्या जाऊ आपण. तू म्हणशील तिथे नेतो. धबधबा, मीठ, कडे, सगळं दाखवतो तुला. एकेक दाखवतो."

"तुम्ही दाखवलेलं मला नको," टाकेबाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. भूक नव्हती, पण अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती.

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. भाजी आणली जायची, कपडे धुतले जायचे, लेकीचा फोन आला की दोघं आळीपाळीने बोलायचे. पण ड्रायव्हरला मात्र कंठ फुटला. इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. जेवताना तो मिठाच्या मैदानाचं सांगायला लागायचा, की पाऊस पडून गेला की त्याच्यावर बोटभर पाणी साचतं आणि आभाळ खाली उतरतं, माणूस ढगांवरून चालतोय असं वाटतं. कड्यांवर हजारो पक्षी कसे नांदतात, भरतीला कडा पायाखाली कसा हादरतो. तो सांगायचाही फार सुरेख. चहावाला खोटं बोलला नव्हता. टाकेबाईंच्या हातातला घास थांबायचा, आणि तो थांबला हे लक्षात आलं की त्या उठून कपडे वाळत घालायला जायच्या. दोरीवरचे कपडे वाळलेले असले तरी जायच्या. तेवढं चांगलं बोलणारा माणूस आपल्याच घरात होता आणि आपल्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही, हे त्यांना गिळता येत नव्हतं.

एका रविवारी त्या थोरल्या बाईंकडे गेल्या. काही न लपवता त्यांनी सगळं सांगितलं. थोरल्या बाई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. ऐकून त्या जरा वेळ गुडघे चोळत राहिल्या.

"म्हणजे चांगला आहे तो धबधबा?" त्यांनी विचारलं.

"हो. फार चांगला आहे म्हणे."

"मेलीने मला बदकं दाखवली," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. "मग आता काय करणार आहेस? पाया पडायला आलीस की न्यायला?"

"न्यायला."

"माझ्याच्याने चढवणार नाही हो."

"गाडी अगदी जवळ जाते. पुढचं मी आणि इस्त्रीवाली बघू. चादरीची झोळी करू, वेळ पडली तर. चादरी आपल्याकडे भरपूर आहेत."

निघायच्या दिवशी ड्रायव्हर न सांगता बसस्टँडवर आला. पिवळी गाडी होती, त्याचीच कंपनी. नव्या ड्रायव्हरने त्याला ओळखून सलाम केला. त्याने पुढे होऊन थोरल्या बाईंना पायरी चढायला हात दिला, मोठ्या अदबीने, आजी म्हणून. टाकेबाईंनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं. मग त्यांनी थोरल्या बाईंना खिडकीशी बसवलं, पायाखाली पिशवी सरकवली आणि स्वतः शेजारी बसल्या. गाडीचं इंजिन सुरू झालं.

ड्रायव्हर खिडकीखाली येऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. काच बंद होती आणि इंजिनाचा आवाज होता, त्यामुळे शब्द आत येत नव्हते. त्याचे हात दिसत होते फक्त. एक हात उंच नेऊन त्याने कडा दाखवला, दुसऱ्या हाताची बोटं पसरून वरून पाणी सोडलं, मग दोन्ही हात खालून वर उचलत तुषार उडवले. मग डावीकडचं कुठलं तरी वळण दाखवलं, तिथे काहीतरी होतं जे चुकवायचं नव्हतं. तो पुन्हा पुन्हा तिकडे बोट करत होता. आजूबाजूची माणसं थांबून त्याच्याकडे बघत होती.

"अगं, काहीतरी सांगतायत ते," थोरल्या बाई म्हणाल्या. "काच सरकव ना."

टाकेबाईंचा हात काचेच्या खिटीपर्यंत गेला. त्यांनी खिटी नीट लागली आहे ना ते बघितलं आणि हात मांडीवर ठेवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आपण बघूच की आता."

गाडी हलली. तो चार पावलं बरोबर चालला, तोंड चालूच होतं, हातही. मग गाडीने वेग घेतला आणि तो मागे राहिला.